जुन्या गाडीतले अधूनमधून होणारे मिसफायर कसे शोधावे

सतत अडखळणारे इंजिन दुरुस्त करणे फारसे अवघड नसते, कारण दोष समोर हजर असतो आणि प्रत्येक चाचणीचे उत्तर लगेच मिळते. खरी परीक्षा पाहते ती अशी गाडी, जी चढावर एखादा झटका देते, उभी असताना मधूनच ठसकते आणि तपासण्यासाठी बॉनेट उघडले की निमूटपणे चालू लागते. सिलिंडरमधले ज्वलन असे चुकणे म्हणजेच मिसफायर. अशा गाडीच्या मालकाला चहूबाजूंनी सल्ले मिळतात. कोणी प्लग बदलायला सांगतो, कोणी वायरी, कोणी ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी कॉइल, तर कोणी थेट पेट्रोल पंप. हे सगळे एकामागून एक बदलून दोष गेला, तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि काही दिवसांनी तो परत आला की शोध पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागतो. ही सारी वाट स्वतः चालून झाल्यावर, जे पहिल्यांदाच या कामाला हात घालत आहेत त्यांच्यासाठी मी हा क्रम लिहीत आहे. तो पेट्रोल इंजिनांसाठी आहे, मग ते कार्बोरेटरचे असो वा इंजेक्शनचे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने त्याची तपासणी वेगळ्या वाटेने जाते.

प्रत्येक सिलिंडरला योग्य प्रमाणातले मिश्रण, पुरेसा दाब आणि सशक्त ठिणगी या तीन गोष्टी योग्य वेळी मिळाव्या लागतात. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे एका सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) एकाच सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा. त्यांपैकी काही मोजकी ज्वलने चुकली तरी झटका जाणवतो, पण तोच सदोष भाग उरलेल्या वेळी चोख काम करत असतो. म्हणूनच टेबलावर ठेवून मल्टीमीटरने तपासलेली कॉइल ‘चांगली’ ठरते आणि गाडी मात्र अडखळतच राहते. ज्या परिस्थितीत दोष प्रकट होतो त्याच परिस्थितीत भाग तपासला तरच चाचणीला अर्थ असतो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गोष्टीभोवती फिरतात.

हाताशी काय काय असावे

- त्याच मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. फायरिंग ऑर्डर, सिलिंडरांचे क्रमांक, प्लगचा गॅप (ठिणगी पडण्याची फट), टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली बारीक फट) आणि इग्निशन टायमिंग हे आकडे त्यातूनच घ्यावेत, अंदाजाने नव्हे.
- गाडीच्या जुन्या कामांची बिले. प्लग, टायमिंग बेल्ट, पेट्रोल फिल्टर कधी बदलले आणि दोष सुरू होण्याच्या थोडे आधी कोणते काम झाले होते, हे त्यांवरून कळते.
- मल्टीमीटर, समायोजित करता येणारा स्पार्क टेस्टर, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या), प्लग पाना आणि टॉर्क पाना.
- गाडीत ओबीडी सॉकेट (इंजिनाच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचण्याची जोडणी) असल्यास लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर. कार्बोरेटरच्या गाडीसाठी टायमिंग लाइट.
- कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्युम गेज. ही दोन्ही उसनी मिळाली तरी चालतील, कारण त्यांची गरज शेवटी लागते.
- पाणी फवारण्याची बाटली, टॉर्च, चिकटपट्टी, मार्कर आणि एक वही.

सुरक्षिततेबद्दल आधीच सांगून ठेवतो. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि अनेक इलेक्ट्रॉनिक प्रणालींत तो ३०,००० व्होल्टच्याही वर जातो; त्यामुळे चालू इंजिनाची वायर हाताने ओढून पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ हे काम करूच नये. इंजिन बंद जागेत चालवू नये, फिरत्या बेल्ट-पंख्यापासून कपडे व हात दूर ठेवावेत आणि पेट्रोलच्या नळ्यांना हात लावताना आग विझवण्याचे साधन जवळ असावे.

१. हे खरोखर मिसफायरच आहे का, ते पाहा

तुटलेले इंजिन माउंटिंग, झिजलेला ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या टॉर्क कन्व्हर्टरची थरथर यांमुळेही गाडी झटके देते असे वाटते. ज्या आरपीएमला धक्के बसतात तोच आरपीएम वेगवेगळ्या गिअरमध्ये आणून पाहावा. त्रास गाडीच्या वेगाशी बांधलेला असेल आणि इंजिनाच्या फेऱ्यांशी नसेल, तर शोध चाकांच्या बाजूने सुरू करावा. मिसफायरचा झटका तुटक आणि अनियमित असतो, सायलेन्सरच्या आवाजात मधेच एक ठोका गळतो आणि पुष्कळदा न जळलेल्या पेट्रोलचा वासही येतो.

२. भाग सोडा, आधी वेळ पकडा

निदान आठवडाभर गाडीत वही ठेवावी आणि दोष जाणवला की गाडी सुरक्षित थांबवल्यावर त्याच्या सभोवतालची परिस्थिती लिहून काढावी: इंजिन थंड होते की गरम, आरपीएम किती, गिअर कोणता, रस्ता चढाचा होता की सपाट, पाऊस किंवा दमट हवा होती का, टाकीत पेट्रोल किती होते आणि शेवटचे कधी भरले, दिवे-पंखा-एसी चालू होते का. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण ती गाळतो. माझ्या मते मात्र या सबंध कामातले सर्वांत मोलाचे हत्यार ही वहीच आहे, कारण अशा पाच-सहा नोंदी एकाखाली एक आल्या की संशयितांची यादी आपोआप आखडते.

दोष फक्त सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद राहून जात असेल, तर रात्रभरात सिलिंडरमध्ये काहीतरी झिरपत असण्याची शक्यता धरावी. ते गळक्या इंजेक्टरमधले पेट्रोल असू शकते, व्हॉल्व्ह सीलमधून उतरलेले ऑइल असू शकते किंवा हेड गॅसकेटमधून आलेले कूलंट असू शकते. थंड इंजिनात कूलंटची पातळी खूण करून ठेवावी; बाहेर कुठेही गळती नसताना ती उतरत असेल तर गॅसकेटचा संशय बळावतो.

इंजिन पूर्ण तापल्यावरच त्रास सुरू होऊन थंड झाल्यावर नाहीसा होत असेल, तर कॉइल, तिचा प्रवाह चालू-बंद करणारे इग्निशन मॉड्यूल, जुन्या गाडीतला कंडेन्सर आणि क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणारा क्रँक सेन्सर हे चौघे पहिले संशयित ठरतात. उष्णतेने आतली बारीक तार किंवा जोड प्रसरण पावतो, संपर्क तुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. टॅपेट क्लिअरन्स कमी असेल तरीही दोष तापल्यावरच दिसू शकतो. त्याबद्दल आठव्या पायरीत येईलच.

पावसाळी किंवा धुक्याच्या हवेत, अथवा इंजिन धुतल्यानंतर अडखळत असेल तर प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरला वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि कॉइलचे इन्सुलेशन यांकडे वळावे. चढावर किंवा उंच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच अडखळत असेल तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल अपुरे पडते आहे. भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबातून प्लगचा गॅप ओलांडणे ठिणगीला कठीण जाते. हे कळले की न्यूट्रलमध्ये उभ्या उभ्या रेस देऊन ‘इंजिन ठीक आहे’ असा निर्वाळा देणे किती फसवे आहे, हेही लक्षात येते. याउलट फक्त आयडलिंगला दोष असून फेऱ्या वाढवताच जात असेल तर व्हॅक्युम लीक (गळक्या जागेतून आत शिरणारी हवा), उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेले वायू थोडे परत इंजिनात सोडणारा) किंवा कार्बोरेटरचा तुंबलेला आयडल जेट शोधावा. खड्ड्यात किंवा वळणावर येणारा झटका सैल वायरकडे बोट दाखवतो, आणि टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर आला तर पंप हवा ओढत असेल.

टॅकोमीटर असल्यास झटक्याच्या क्षणी त्याचा काटा बघायला सोबतच्या माणसाला सांगावे. काटा इग्निशनच्या किंवा क्रँक सेन्सरच्या सिग्नलवर चालत असल्याने, गाडी पुढे धावत असतानाही तो क्षणभर कोसळला किंवा फडफडला तर तो सिग्नलच तुटतो आहे असे समजावे. काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरत असेल तर इंधनाची बाजू आधी पाहावी.

३. स्कॅनर काय सांगतो ते लिहून घ्या, मगच कोड पुसा

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ प्रणाली सक्तीची झाली आणि युरोपीय संघात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तिच्याशी मिळतीजुळती प्रणाली लागू झाली. इतर ठिकाणी ती त्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. गाडी त्याहून जुनी असेल तर सरळ पुढच्या पायरीकडे जावे.

पी ०३०० हा कोड अनेक सिलिंडरांत विखुरलेले मिसफायर दाखवतो, तर पी ०३०१, पी ०३०२ अशा कोडांतला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. पहिला क्रमांक कोणत्या टोकाला आहे हे मात्र प्रत्येक इंजिनात वेगळे असू शकते, ते मॅन्युअलमध्ये पाहावे. इंजिन कंट्रोल युनिट हे मिसफायर क्रँकशाफ्टच्या गतीतल्या सूक्ष्म चढउतारांवरून ओळखते; त्यामुळे अतिशय खडबडीत रस्त्यावर चाकांचे हादरे क्रँकपर्यंत पोहोचून क्वचित खोटा कोडही लागतो. कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम नक्की वाचावा. त्यात कोड लागला त्या क्षणीचे आरपीएम, भार, तापमान आणि वेग असतात, म्हणजे तुमच्या वहीतली एक नोंद गाडीनेच लिहून ठेवलेली असते. कोड पुसला की तीही पुसली जाते. ‘दिवा विझवून बघू’ म्हणणाऱ्याला म्हणूनच आधी थांबवावे. काही गाड्यांत मोड ०६ मध्ये प्रत्येक सिलिंडरच्या चुकलेल्या ज्वलनांची मोजणीही मिळते आणि दिवा लागण्याइतका दोष वाढण्यापूर्वीच ती सुगावा देते.

फ्युएल ट्रिम म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट इंधनात करत असलेली टक्केवारीतली वाढ किंवा घट. ती पाहताना शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. आयडलिंगला ती चांगलीच अधिक बाजूला असून २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर कुठेतरी मोजणी चुकवून हवा आत शिरते आहे. उलट भार वाढेल तशी ती अधिकाकडे सरकत असेल तर तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर तपासावा. सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आतला फरक चिंतेचा नसतो. ट्रिमचे आकडे सामान्य असून मिसफायर फक्त एकाच सिलिंडरमध्ये असेल तर सगळ्या इंजिनाची हवा किंवा इंधन बिघडले असण्याची शक्यता कमी होते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर भार ताबडतोब कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि त्या उष्णतेने आतला जाळीदार गाभा वितळू शकतो.

४. सिलिंडर ओळखा आणि भागांची अदलाबदल करा

कोड नसेल तर दोष चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहावा. निरोगी सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिनाच्या फेऱ्या स्पष्ट उतरतात. जो काढल्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच निकामी होता. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत इंजिन बंद करून एक वायर प्लगवरून काढावी, ती स्पार्क टेस्टरला जोडून टेस्टर इंजिनाच्या धातूला घट्ट लावावा आणि मग इंजिन सुरू करावे. वायर मोकळी लोंबकळत ठेवल्यास ठिणगी भलत्या वाटेने जाऊन कॉइल किंवा मॉड्यूल जाळू शकते. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यास ही चाचणी काही सेकंदांत आटोपावी.

सिलिंडर सापडला की नवा भाग विकत घेण्याची घाई करू नये. गाडीतच त्या भागाचे आणखी जोडीदार आहेत, त्यांच्याशी अदलाबदल करावी. एरवी एका वेळी एकच बदल हा नियम पाळावा, पण दोष कित्येक दिवसांनी एकदा येत असेल तर वेळ वाचवणारी एक युक्ती आहे. समजा दुसरा सिलिंडर चुकतो आहे आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावावी, दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात बसवावा, हे सगळे वहीत लिहावे आणि गाडी नेहमीसारखी वापरावी. पुढच्या वेळी पी ०३०१ आला तर कॉइल दोषी, पी ०३०३ आला तर प्लग दोषी, आणि पुन्हा पी ०३०२ च आला तर दोष इंजेक्टर, वायरिंग किंवा व्हॉल्व्ह यांत आहे. एकाच प्रतीक्षेत तीन प्रश्न सुटतात.

काही चार-सिलिंडर गाड्यांत एक कॉइल दोन प्लगना एकाच वेळी ठिणगी देते आणि जोड्या सहसा १-४ व २-३ अशा असतात. जोडीतले दोघेही चुकत असतील तर कॉइल किंवा तिचा पुरवठा पाहावा. एकटाच चुकत असेल तर त्याची वायर व प्लग.

५. ठिणगीची बाजू नीट, वेळ देऊन तपासा

जुन्या गाडीत अधूनमधून होणाऱ्या मिसफायरचे मूळ इथेच सापडण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, म्हणून या पायरीला सढळ वेळ द्यावा.

प्लग थंड इंजिनातूनच काढावेत आणि काढण्यापूर्वी भोवतालची धूळ फुंकून टाकावी. प्रत्येक प्लगला चिकटपट्टी लावून त्याचा क्रमांक लिहावा आणि सगळे ओळीत मांडून एकमेकांशी ताडून पाहावेत, कारण एकटा प्लग फारसे बोलत नाही. चौघांत वेगळा दिसणारा प्लगच गोष्ट सांगतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक निरोगी असते. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोलची किंवा कमजोर ठिणगीची खूण असते, ओलसर काळे टोक ऑइल दाखवते आणि फटफटीत पांढरे टोक मिश्रण विरळ असल्याचे किंवा प्लग अति तापल्याचे सांगते. इतर सर्व मळलेले असताना एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असावे.

यानंतर टोकाऐवजी पांढऱ्या चिनी मातीच्या बाहेरच्या भागाकडे पाहावे, कारण बहुतेक जण तिथे पाहतच नाहीत. त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ असेल, तर ठिणगी गॅपमधून न जाता बाहेरून धातूकडे पळते आहे. ही रेघ एकदा पडली की कार्बनची ती वाट विजेला कायमची मोकळी होते, म्हणून असा प्लग पुसून परत लावू नये. प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपणाच्या, म्हणजे बूटच्या, आतही तशीच रेघ असते. प्लग नवा घालून बूट जुनाच ठेवला तर तो नव्या प्लगवरही तीच वाट पाडतो. नवीन प्लग टाकूनही दोष परत येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

गॅप बहुतेक इंजिनांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण नेमका आकडा मॅन्युअलचाच धरावा. वापराने इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. भाराखालीच चुकणाऱ्या इंजिनात हे आधी मोजावे. इरिडियम प्लगचे टोक नाजूक असल्याने त्यात गेज दाबून घालू नये. प्लग हाताने आटे जुळवून बसवावा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच द्यावा, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की काम फार वाढते.

वायरी आणि कॅप तपासण्याची सोपी रीत अंधारात करावी. इंजिन चालू ठेवून वायरींवर, कॅपवर आणि कॉइलच्या बाहेरून पाण्याचे बारीक तुषार उडवावेत आणि दूर उभे राहून पाहावे. निळसर ठिणग्या चमकल्या किंवा इंजिन लगेच अडखळले तर इन्सुलेशन कुठे फुटले आहे हे डोळ्यांना दिसते. पावसाळी दोषाची ही प्रतिकृतीच असते. वायरींचा रोध मोजताना त्या हलवत-वाकवत मोजाव्यात. लांबीच्या मानाने एखादीचा रोध इतरांपेक्षा फारच जास्त असेल किंवा वाकवताच आकडा उडी मारत असेल तर पूर्ण संच बदलावा. कॅपच्या आत केसासारख्या चिरा, हिरवट-पांढरा गंज आणि मधल्या कार्बनच्या बटणाची झीज पाहावी. सीबी पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या यांत्रिक संपर्काच्या) गाडीत पॉइंटचा गॅप, त्यांवरचे जळके खड्डे आणि डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याची बाजूची हालचाल तपासावी. दांडा हलत असेल तर गॅप कितीही अचूक ठेवला तरी फिरताना तो बदलत राहतो. कंडेन्सर हा छोटा भाग आहे, पण तापल्यावर दगा देण्यात पुढे असतो आणि नवा असूनही सदोष निघू शकतो, म्हणून चांगला ठरलेला जुना कंडेन्सर कधी टाकून देऊ नये.

तापल्यावरच बिघडणारी कॉइल पकडण्यासाठी दोष प्रकट होताच गाडी सुरक्षित जागी थांबवून स्पार्क टेस्टर लावावा. थंड असताना ठिणगी जेवढे अंतर सहज ओलांडत होती तेवढे आता ओलांडत नसेल तर उत्तर मिळाले. थंड कॉइलचा रोध मोजून तिला निर्दोष ठरवणे हा या कामातला सर्वांत मोठा चकवा आहे.

६. हवा आणि इंधन

आयडलिंगला इंजिन आत घेत असलेली एकूण हवा फारच थोडी असते आणि इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम जोरदार असतो, म्हणून बारीकशी गळतीही मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडल्यावर तीच गळती नगण्य ठरते. कडक झालेल्या रबरी नळ्या, त्यांची टोके, ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि मॅनिफोल्डचे गॅसकेट या जागा पाहाव्यात. नळ्या एकेक करून हलकेच चिमटल्यावर आयडलिंग सुधारले तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढच्या भागात आहे. कार्ब क्लिनर फवारून गळती शोधणारे पुष्कळ आहेत, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही द्रव उडवणे मला पटत नाही. इनटेकच्या सांध्यांवर पाण्याचा बारीक तुषार मारूनही आवाजातला बदल टिपता येतो आणि ते न साधल्यास धुराच्या यंत्राने गळती दाखवून घ्यावी.

इंधनाची कमतरता सहसा भाराखाली आणि सगळ्या सिलिंडरांत एकदम जाणवते. फिल्टर कधी बदलला हे माहीत नसेल तर तो आधी बदलावा, मग पेट्रोलचा दाब प्रत्यक्ष भाराखाली मोजावा. लांबच्या प्रवासात ताकद हळूहळू कमी होत जाऊन टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाजाने हवा आत शिरत असेल आणि गाडी पुन्हा तरतरीत होत असेल, तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबलेला आहे. पेट्रोल भरल्यानंतरच त्रास सुरू होत असेल तर पेट्रोलमधले पाणी किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) तपासावा. कार्बोरेटरच्या गाडीत फ्लोट चेंबरच्या तळाशी साचलेले पाणी व गाळ बारीक जेटमध्ये येऊन-जाऊन अडकतो, आणि तो निघून गेला की इंजिन पूर्ववत चालते.

इंजेक्टरचा टिकटिक आवाज लांब पेचकसाचे टोक त्यावर टेकवून ऐकता येतो. एकाचा आवाज वेगळा असेल तर त्याचा रोध इतरांशी ताडावा.

७. कनेक्टर, अर्थिंग आणि सेन्सर

जुन्या गाडीचे वायरिंग म्हातारे झालेले असते, आणि उष्णतेने ठिसूळ झालेली क्लिप तुटल्यावर कनेक्टर नुसता टेकलेला राहतो. इंजिन आयडलिंगला ठेवून कॉइल, इंजेक्टर आणि क्रँक सेन्सरकडे जाणारे वायरिंग लाकडी काठीने हलकेच हलवत जावे. ज्या जागी इंजिन ठसकते तिथे थांबून कनेक्टर उघडावा आणि आतल्या पिना हिरवट पडल्या आहेत का, सैल झाल्या आहेत का ते पाहावे. तपासणीसाठी वायरीत सुई टोचू नये. त्या छिद्रातून ओल शिरून पुढे नवा दोष तयार होतो.

अर्थिंग नुसते डोळ्यांनी पाहून कळत नाही. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण पोलावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर लावावे आणि स्टार्टर फिरवावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी राहिला तर ठीक; बराच जास्त आला तर अर्थिंगची पट्टी व तिचे जोड घासून स्वच्छ करावेत. क्रँक सेन्सरचा दोष ओळखण्याची खूण अशी की एक सिलिंडर न चुकता सगळे इंजिन क्षणभर मरते, आणि पूर्ण बंद पडलेली गाडी अर्ध्या-पाऊण तासाने निवल्यावर जणू काही झालेच नाही अशी सुरू होते.

८. कॉम्प्रेशन आणि टॅपेट

वरचे सर्व करूनही एकाच सिलिंडरवर बोट राहिले तर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन कोमट करून सगळे प्लग काढावेत, इग्निशन व इंधन दोन्ही बंद करावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला सारख्याच फेऱ्या द्याव्यात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत आकडा १२० ते १८० पीएसआयच्या दरम्यान येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला सारखेपणा महत्त्वाचा आहे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर बहुधा गॅसकेट.

टॅपेट हाताने सेट करावे लागतात अशा इंजिनांत एक दोष हमखास दुर्लक्षिला जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे क्लिअरन्स कमी झाले की थंड इंजिनात तो नीट बंद होतो, पण तापून लांबला की किंचित उघडाच राहतो आणि दाब निसटतो. थंड इंजिनात घेतलेले कॉम्प्रेशन त्यामुळे निर्दोष दिसते. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट लवकर बसत जात असल्याने हे अधिक वेळा घडते. अशा गाडीचे टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून ते चांगले आहेत, असे मानू नये. फार शांत टॅपेट हीच कधी कधी धोक्याची सूचना असते. व्हॅक्युम गेजचा काटा तापलेल्या इंजिनात ठरावीक तालाने खाली झुकत असेल तर व्हॉल्व्हचा संशय पक्का करून फिलर गेज हाती घ्यावे.

९. दुरुस्ती झाली हे ठरवण्याची रीत

दोष काहीही न करता थांबला असेल तर तो गेला असे धरू नये. सापडलेला भाग बदलल्यावर कोड पुसावा आणि वहीत नोंदलेल्या परिस्थितीतच गाडी चालवावी, म्हणजे तोच चढ, तेच तापमान, तोच गिअर. शंका राहिल्यास काढलेला जुना भाग मुद्दाम परत लावून पाहावा. त्यासरशी दोष परतला तर निदानावर शिक्कामोर्तब होते. काम मेकॅनिककडे द्यायचे ठरले तर ‘गाडी मिसिंग करते’ एवढेच न सांगता वहीतल्या नोंदी, फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि कोणते भाग अदलाबदल करून झाले याची यादी लेखी द्यावी, आणि शक्य असल्यास त्याला सोबत घेऊन दोष येईपर्यंत गाडी चालवावी.

मिसफायर बरेच दिवस चालले असेल तर इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करते, म्हणून पेट्रोलचा वास येत असल्यास किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसल्यास ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत. दुरुस्तीनंतरही गाडी ओढत नसेल आणि फेऱ्या वर चढायला कुरकुरत असेल तर वितळलेल्या कन्व्हर्टरमुळे एक्झॉस्ट तुंबला आहे का, हे बॅक प्रेशर मोजून तपासून घ्यावे.